ध्वनिक्षेपकांचा कारभारी

सभागृहांतील व्याख्यानाहून परतणाऱ्या मंडळींची एक तक्रार सर्वत्र सारखीच ऐकूं येते : "आवाज पुष्कळ होता, पण शब्द कळेना." मागच्या रांगेंतून कोणी तरी "ऐकूं येत नाहीं" म्हणून ओरडतो. व्यवस्थापक धांवत जाऊन यंत्राची खुंटी आणखी फिरवितो. आवाज वाढतो, आणि शब्द पूर्वीपेक्षांहि अस्पष्ट होतो. पुढची मंडळी कानांवर हात ठेवतात, मागची मंडळी उठून जातात, आणि वक्त्याचे परिश्रम वायां जातात. हा दोष बहुधा आवाज कमी पडल्याचा नसतो. आवाजाच्या कारभारांत शिस्त नसल्याचा असतो. ही शिस्त लावण्याकरितां एक यंत्र मिळतें. त्याचें बाजारांतील नांव 'डिजिटल लाउडस्पीकर मॅनेजमेंट प्रोसेसर' असें लांबलचक आहे. आपण त्याला ध्वनिक्षेपकांचा कारभारी म्हणूं. तो काय करतो, त्याला कामाला कसें लावावें, आणि त्याच्याकडून कशाची अपेक्षा ठेवूं नये, एवढें आज सांगावयाचें आहे.

प्रथम शब्द हरवतो कां, तें पाहूं. ताट, पाट, घाट, वाट, लाट हे पांच शब्द श्रोत्यांनीं मोठ्यानें उच्चारून पाहावे. पांचांतहि 'आ' हा स्वर जोरकस आणि लांब आहे. अर्थाचा भेद मात्र आरंभींच्या व्यंजनांत आहे, आणि तें व्यंजन स्वराच्या मानानें क्षीण व क्षणिक असतें. स्वरांचें बळ मुख्यतः खालच्या कंपनसंख्यांत असतें. व्यंजनांची ओळख बहुतांशीं सेकंदाला एक हजार ते चार हजार कंपनें, म्हणजे तितके हर्ट्झ, व त्याहिवर असलेल्या ध्वनींत असते. मोठ्या दालनांत खालचे ध्वनि भिंतींवरून पुन्हां पुन्हां परततात आणि मागून येणाऱ्या व्यंजनाला झांकून टाकतात. वयोमानानें श्रवणशक्ति घटते तीहि प्रथम वरच्या कंपनसंख्यांतच घटते. म्हणून "आवाज येतो, पण बोलणें कळत नाहीं" ही वृद्धांची तक्रार अगदीं खरी असते. खुंटी फिरविल्यानें स्वर, व्यंजन आणि प्रतिध्वनि हीं तिन्ही सारख्याच प्रमाणांत वाढतात. हरवलेला शब्द त्यामुळें सांपडत नाहीं.

पुण्यांत १८७५ सालीं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तेव्हां वक्त्याचा कंठ हाच काय तो ध्वनिक्षेपक होता. १९१५ सालीं नाताळच्या आदल्या दिवशीं पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनीं अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें आपल्या यंत्राच्या साह्यानें मोठ्या जनसमुदायाला भाषण व संगीत ऐकविलें. पुढें १९२५ सालीं चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं शंकूच्या आकाराच्या ध्वनिक्षेपकावरील आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. आजच्या पेट्यांतील शंकु त्याच कुळांतले आहेत. परंतु एकच शंकु सर्व ध्वनि सारख्या चांगुलपणानें काढूं शकत नाहीं. खर्जासाठीं पुष्कळ हवा हलविणारा मोठा शंकु लागतो, आणि वरच्या ध्वनीसाठीं चपळ, हलका पडदा लागतो. तबलजीला डग्गा व तबला अशीं दोन वाद्यें लागतात, तशांतलाच हा प्रकार. म्हणून ध्वनीची वांटणी करावी लागते. पूर्वी ती पेटीच्या आंत तारेचीं वेटोळीं व कपॅसिटर बसवून होत असे, आणि अनेक पेट्यांत अजूनहि होते. तींत थोडी शक्ति वायां जाते, आणि एकदां केलेली वांटणी सहजासहजीं बदलतां येत नाहीं. आमचा कारभारी ही वांटणी ॲम्प्लिफायरच्या अगोदरच करतो, आणि प्रत्येक वांट्याला स्वतंत्र ॲम्प्लिफायर देतो.

त्याची जागा मिक्सर आणि ॲम्प्लिफायर यांच्या मधली. मायक्रोफोनमधून निघालेला विद्युत्प्रवाह मिक्सरमधून त्याच्याकडे येतो. तो त्या प्रवाहाचें सेकंदाला ४८,००० किंवा ९६,००० वेळां मोजमाप घेऊन त्याचे आंकडे बनवितो. वांटणी, विलंब, मर्यादा इत्यादि पुढचे सर्व संस्कार म्हणजे त्या आंकड्यांवरील गणित होय. शेवटीं आंकड्यांचा पुन्हां विद्युत्प्रवाह होऊन तो निरनिराळ्या ॲम्प्लिफायरकडे रवाना होतो.

आतां एक उदाहरण घेऊं. सुमारे तीनशें खुर्च्यांचें लांबट सभागृह आहे. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंस एकेक मोठी पेटी असून तिच्यांत खालीं शंकु व वर कर्णा आहे. खर्जाची एक स्वतंत्र पेटी आहे. मागच्या श्रोत्यांकरितां बाजूच्या भिंतींवर दोन लहान पेट्या टांगल्या आहेत. कारभाऱ्याला आंत येणाऱ्या दोन वाटा व बाहेर जाणाऱ्या सहा वाटा आहेत. पहिल्या दोन बहिर्वाटा दोन्ही कर्ण्यांना, पुढच्या दोन शंकूंना, पांचवी खर्जाला आणि सहावी मागच्या पेट्यांना द्यावी. ही वांटणी कागदावर लिहून यंत्राशेजारीं चिकटवावी. गोंधळाच्या प्रसंगीं हा कागद फार उपयोगी पडतो.

पहिला नियम असा कीं, वांटणी पूर्ण ठरेपर्यंत ॲम्प्लिफायर चालू करूं नयेत. कर्ण्याचा नाजूक पडदा खर्जाच्या एका धक्क्यानेंहि फाटूं शकतो. कोणत्या कंपनसंख्येवर विभागणी करावी तें पेटी बनविणाऱ्याच्या पत्रकांत दिलेलें असतें. तेथें स्वतःची कल्पना चालवूं नये. आपल्या उदाहरणांत शंभर हर्ट्झच्या खालचें खर्जाकडे, शंभर ते बाराशें शंकूकडे, आणि त्यावरचें कर्ण्याकडे असें समजूं. विभागणीचा उतार किती तीव्र ठेवावा, हा दुसरा प्रश्न. दर सप्तकाला २४ डेसिबल हा उतार सामान्यतः वापरतात. म्हणजे सीमेच्या बरेंच पलीकडे गेल्यावर दर सप्तकागणिक व्होल्टेज सुमारें सोळाव्या हिश्श्यावर येतें. सीगफ्रीड लिंकविट्झ व रस राइली यांच्या नांवानें ओळखली जाणारी पद्धति १९७६ सालीं पुढें आली. तिच्यांत सीमेवर दोन्ही शेजारी निम्म्या निम्म्या व्होल्टेजवर असतात आणि दोघांची बेरीज बरोबर पूर्ण होते. त्यामुळें सांधा कानाला जाणवत नाहीं.

यानंतर सर्व वाटा बंद ठेवून ॲम्प्लिफायर चालू करावे, आणि एकेक वाट उघडून अगदीं हलक्या आवाजांत तपासावी. त्यासाठीं 'पिंक नॉईज' नांवाचा, पावसाच्या संततधारेसारखा ध्वनि वापरतात. त्यांत प्रत्येक सप्तकाची शक्ति सारखी असते. जी वाट उघडली तिचीच पेटी बोलते कीं नाहीं, हें प्रत्यक्ष जवळ जाऊन ऐकावें. मग सर्वांचें बळ जुळवावें. कर्णा थोड्या शक्तींतहि मोठा बोलतो, म्हणून त्याला बहुधा कांहीं डेसिबल खालीं आणावें लागतें.

पुढची परीक्षा धन-ऋणाची. एक पडदा पुढें ढकलीत असतां दुसरा मागें ओढीत असेल, तर सीमेवरचा ध्वनि एकमेकांस मारतो. ही गोष्ट तपासण्याची एक सोपी युक्ति आहे. दोहोंपैकीं एकाची दिशा यंत्रावरील कळ दाबून मुद्दाम उलटी करावी. सीमेवरचा ध्वनि एकदम पोकळ झाला, तर मूळची जुळणी बरोबर होती असें समजावें आणि कळ पूर्ववत् करावी. उलटी केल्यावर ध्वनि उलट भरदार वाटला, तर कोठें तरी तारांची अदलाबदल झाली आहे, किंवा दोन पडद्यांच्या अंतरांतील फरक विलंब देऊन भरून काढावयाचा राहिला आहे.

आतां मागच्या रांगेकडे वळूं. तीस अंश सेल्सिअस उष्णमानांत ध्वनि सेकंदाला सुमारें ३४९ मीटर जातो. तारेंतून विद्युत् मात्र जणूं तत्क्षणीं पोंचते. मागचा श्रोता व्यासपीठावरील पेटीपासून १८ मीटरवर आणि भिंतीवरील लहान पेटीपासून ३ मीटरवर बसला आहे असें धरा. अंतरांतील फरक १५ मीटर. म्हणजे समोरचा ध्वनि लहान पेटीच्या ध्वनीनंतर सुमारें ४३ सहस्रांश सेकंदांनीं त्याच्याकडे येतो. प्रत्येक अक्षर दोनदां ऐकूं आल्यासारखें होतें, आणि मान उगीच भिंतीकडे वळते. उपाय एकच : लहान पेट्यांना ४३ सहस्रांश सेकंद थांबवावें, आणि वर आणखी दहा सहस्रांशांच्या आसपास थांबवावें. हेल्मुट हास यांनीं १९४९ सालीं आपल्या प्रबंधांत दाखवून दिलें कीं, थोड्याशा अंतरानें दोन सारखे ध्वनि आले तर कान पहिल्याचीच दिशा खरी मानतो, जरी दुसरा कांहींसा मोठा असला तरी. त्यामुळें मागच्या गृहस्थाला शब्द शेजारच्या पेटींतून स्पष्ट मिळतो, पण बोलतो आहे तो व्यासपीठावरील वक्ता, असेंच वाटतें. हें साधल्यावर पुढच्या पेट्यांचा आवाज उतरवितां येतो, आणि पुढच्या रांगेची शिक्षा संपते. सबंध योजनेंतील सर्वांत सुंदर भाग हाच होय.

त्यानंतर 'इक्वलायझर', म्हणजे निवडक कंपनसंख्या कमी-अधिक करण्याची सोय. येथें मोह आवरावा. मोजमापाचा मायक्रोफोन चार-पांच निरनिराळ्या जागीं ठेवून पाहावें, आणि सर्व ठिकाणीं जो उंचवटा दिसेल तेवढाच कापावा. खड्डे भरण्याच्या भरीस पडूं नये. परतणाऱ्या ध्वनीमुळें पडलेला खड्डा कितीहि शक्ति ओतली तरी भरत नाहीं. ॲम्प्लिफायर मात्र तापतो. भाषणाच्या मायक्रोफोनला मिक्सरवर शंभर हर्ट्झखालीं कात्री लावावी. भाषणाचें त्यांत कांहीं नुकसान नाहीं, आणि गुणगुण व धडधड जाते.

शेवटीं लिमिटर, म्हणजे आवाजाला घातलेली वेस. तिचा हिशेब शाळकरी मुलालाहि करतां येईल असा आहे. शंकूची सहनशक्ति ४०० वॉट व रोध ८ ओहम धरा. दोहोंचा गुणाकार ३,२००. त्याचें वर्गमूळ सुमारें ५६.६. एवढे व्होल्ट ही त्याची मर्यादा झाली. ॲम्प्लिफायर व्होल्टेज चाळीसपट करीत असेल, तर कारभाऱ्याकडून १.४१ व्होल्टपेक्षां अधिक बाहेर जातां कामा नये. ०.७७५ व्होल्टला शून्य मानणाऱ्या मापांत हें सुमारें अधिक पांच डेसिबल होतें. सावधगिरी म्हणून वेस त्याच्या दोन-तीन डेसिबल अलीकडे बांधावी. मात्र ॲम्प्लिफायरची खुंटी ज्या जागीं धरून हिशेब केला, तेथून ती पुढें हलविली तर सर्व हिशेब व्यर्थ होय.

हें सर्व झाल्यावर मांडणी यंत्राच्या स्मरणांत साठवावी, तिची एक प्रत बाहेर ठेवावी, आणि यंत्राला सांकेतिक शब्दाचें कुलूप घालावें. रोजच्या वापरांत कारभाऱ्याला हात लावण्याचें कारणच नाहीं. चालू करतांना प्रथम मिक्सर, मग कारभारी, शेवटीं ॲम्प्लिफायर. बंद करतांना प्रथम ॲम्प्लिफायर. हा क्रम मोडल्यास पेट्यांना मोठा धक्का बसतो. लिमिटरचा दिवा क्वचित् लुकलुकला तर चालेल. सतत पेटत राहिला तर आवाज उतरवावा.

या यंत्राच्या शक्तीलाहि सीमा आहे. दालनाच्या उघड्या भिंतींचा घुमारा तें नाहींसा करूं शकत नाहीं. त्याला जाड पडदे, गाद्यांच्या खुर्च्या आणि भरलेली सभा हेच उपाय. वक्ता मायक्रोफोनपासून हातभर दूर उभा राहिला, तर त्यालाहि इलाज नाहीं. अंतर निम्मे केल्यानें ध्वनि सहा डेसिबलनें वाढतो, आणि तोहि फुकट.

शेजाऱ्यांचा विचार यांतच येतो. आपल्या देशांत ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीं झाले. निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत घातलेली आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षां १० डेसिबलहून अधिक, किंवा ७५ डेसिबल, यांपैकीं जें कमी त्यापलीकडे जातां कामा नये. मैदानावरील उत्सवांत हा नियम पोलिसांच्या शिट्टीवर सोंपविण्याचें कारण नाहीं. सीमेवर मापक घेऊन एकदां मोजावें, आणि तेवढ्यावर लिमिटर बांधून कुलूप लावावें. मग रंगांत आलेल्या कार्यकर्त्यानें खुंटी कितीहि फिरविली तरी शेजारच्या आजाऱ्याची झोंप मोडत नाहीं.

चांगल्या कारभाऱ्याचें अस्तित्व घरांत जाणवत नाहीं. जो तो आपल्या वांट्याचें काम वेळेवर आणि मर्यादेंत करीत असतो, एवढेंच दिसतें. या यंत्राचेंहि तसेंच आहे. व्याख्यान संपल्यावर यंत्राची आठवण कोणालाहि न होतां, शेवटच्या रांगेंतले आजोबा वक्त्याच्या मुद्द्यावर वाद घालीत जिना उतरूं लागले, म्हणजे मांडणी बरोबर झाली असें खुशाल समजावें.