वंध्यत्व : समज आणि उपचार (लेखांक पाचवा) – तज्ज्ञाकडे केव्हा जावे?

कोणतेही गर्भनिरोधक साधन न वापरता बारा महिने नियमित शरीरसंबंध ठेवूनही गर्भधारणा झाली नाही, तर त्या अवस्थेस जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार वंध्यत्व म्हणतात. या व्याख्येतील 'बारा महिने' सर्वांच्या लक्षात राहतात आणि 'नियमित' हा शब्द गळून पडतो. खालापूर-कर्जत पट्ट्यात मात्र पुष्कळदा त्या गळलेल्या शब्दावरच सारे अवलंबून असते. कुंभिवलीसारख्या गावातील तरुण आठवडाभर मुंबईला किंवा पनवेलला नोकरीनिमित्त राहत असेल, अथवा खोपोलीच्या एखाद्या कारखान्यात आलटून पालटून रात्रीच्या शिफ्टला जात असेल, आणि त्याची पत्नी गावी सासू-सासऱ्यांजवळ असेल, तर लग्नाला दोन वर्षे होऊनही या हिशेबाने त्यांचे चार-सहा महिनेच भरलेले असू शकतात. स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडल्यानंतर जेमतेम एक दिवस टिकते, तर शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजेच गर्भधारणा संभवते असे दिवस प्रत्येक महिन्यात सुमारे सहाच असतात, आणि ते नेमके कामाच्या दिवसांत आले तर तो महिना हिशेबात धरता येत नाही. अशा जोडप्याला औषधांच्या आधी सलग एकत्र राहण्याची गरज असते, आणि हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

बारा महिन्यांची ही मर्यादा आली ती साध्या निरीक्षणातून. तरुण व निरोगी अशा शंभर जोडप्यांपैकी सुमारे ऐंशी ते पंच्याऐंशी जोडप्यांना पहिल्या वर्षात दिवस राहतात आणि उरलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दुसऱ्या वर्षात, असे आढळते. म्हणून वर्ष उलटणे हा दोषाचा पुरावा नसून तपासणी सुरू करण्याचा संकेत आहे. हाच संकेत पत्नीचे वय पस्तीस किंवा त्याहून अधिक असल्यास सहा महिन्यांवर येतो, आणि चाळिशी गाठलेली असल्यास वाट पाहण्याचा काळ शून्य धरून लगेच तपासणी करावी लागते. याचे कारण असे की, स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. जन्माच्या वेळी सुमारे दहा ते वीस लाख असलेली बीजे वयात येईपर्यंत तीन-चार लाखांवर येतात, पुढे त्यांची संख्या आणि गुणवत्ता दोन्ही घटत जातात, नवीन बीज तयार होत नाही, आणि पस्तिशीनंतर ही घट वेगाने होते.

घरातील काळजी मात्र वयाने मोजली जात नाही, ती लग्नाच्या वर्षांनी मोजली जाते. विसाव्या-एकविसाव्या वर्षी लग्न झालेल्या सुनेला आठव्या महिन्यापासून 'काही विशेष?' असे विचारले जाऊ लागते, आणि तिची वास्तविक कोणतीही घाई नसताना तिला एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरवले जाते. आदिवासी वाड्यांत मुलीचे लग्न कायद्याने ठरवलेल्या अठराव्या वर्षाच्या आधीच उरकले गेले असेल, तर एकोणिसाव्या वर्षीच तिच्या नावावर 'तीन वर्षे झाली' अशी नोंद लागते. त्या कोवळ्या वयात अनेकींची पाळीच अजून नियमित झालेली नसते, ही बाब कोणी विचारात घेत नाही. याउलट शिक्षण आणि नोकरीमुळे चौतिसाव्या वर्षी लग्न झालेली स्त्री 'आत्ताच तर झाले लग्न' या समजुतीवर निश्चिंत राहते, आणि जिच्या बाबतीत सहा महिने मोलाचे असतात तिचीच दोन-तीन वर्षे निघून जातात. पहिले मूल झाल्यावर दुसऱ्यासाठी दिवस न राहणे, म्हणजेच दुय्यम वंध्यत्व, हेही असेच दुर्लक्षिले जाते. एक मूल पदरात आहे म्हणून दोष असणारच नाही, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

काही परिस्थितींत वयही पाहायचे नसते आणि महिनेही मोजायचे नसतात. पाळी पस्तीस दिवसांहून अधिक अंतराने येत असेल किंवा महिनोन्‌महिने येतच नसेल, तर बीज वेळेवर बाहेर पडत नसण्याची शक्यता मोठी असते. पाळीतील वेदना दरवेळी असह्य होत असतील, तर गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार, ज्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात, तो आहे का हे पाहावे लागते. लागोपाठ दोन गर्भपात, पूर्वी गर्भनलिकेत राहिलेला गर्भ, फुटलेल्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया किंवा कर्करोगावरील उपचार हा इतिहास असल्यासही वाट पाहू नये.

क्षयरोगाचा विचार येथे स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे, कारण भारतात गर्भनलिका बंद होण्यामागे तो एक महत्त्वाचे कारण आहे आणि तो छातीत असल्याशिवाय क्षय नव्हेच, अशी समजूत आजही रूढ आहे. फुप्फुसातील जंतू रक्तावाटे गर्भनलिकांपर्यंत पोहोचतात, तेथे खोकला किंवा ताप यांसारखे कोणतेही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे राहतात, आणि अनेकदा मूल का होत नाही याचा शोध घेतानाच ते प्रथम सापडतात. क्षयावरील औषधे शासकीय केंद्रात विनामूल्य मिळतात व रोग बरा होतो, परंतु चिकटून गेलेली नळी औषधाने पूर्ववत होईलच असे नाही; त्यामुळे स्वतःला किंवा घरात कोणाला क्षय झालेला असल्यास ही माहिती डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता पहिल्याच भेटीत सांगावी.

आता पुरुषाविषयी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणासह आढळते, आणि वीर्यतपासणी ही या साऱ्या शोधातील सर्वांत स्वस्त, वेदनारहित व एका दिवसात होणारी तपासणी आहे. तरीही ती बहुधा सर्वांत शेवटी, पत्नीच्या नळ्यांचा एक्स-रे आणि कधीकधी दुर्बिणीची शस्त्रक्रियाही झाल्यावर केली जाते. खालापूर तालुक्यातील महड येथील वरदविनायकाची कथा या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. निपुत्रिक भीमराजा राणीसह अरण्यात गेला, विश्वामित्रांनी त्याला मंत्र दिला आणि पुढे त्याला रुक्मांगद हा पुत्र झाला, असे ही कथा सांगते. म्हणजे अनुष्ठान राजाने केले होते. आज त्याच परिसरातील घरांतून देवाच्या, भगताच्या आणि दवाखान्याच्या फेऱ्या मात्र सुनेच्या एकटीच्या वाट्याला येतात.

या भागातील पुरुषांच्या कामाचे स्वरूपही तपासणी लवकर करण्यास कारण ठरावे असे आहे. शुक्राणू तयार होण्यासाठी वृषणांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असावे लागते, आणि पोलाद वितळवणाऱ्या भट्टीसमोर किंवा दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत वीटभट्टीवर काम करणाऱ्यांचे शरीर दीर्घकाळ उष्णतेत राहते. तंबाखू, दारू आणि व्यायामशाळांतून शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने यांचाही परिणाम होतो. यांपैकी इंजेक्शनांचा परिणाम तर इतका थेट असतो की ती चालू असताना शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ बंद पडू शकते. वयात आल्यानंतर झालेले गालगुंड, लहानपणी अंडकोशात न उतरलेले वृषण, हर्नियाची शस्त्रक्रिया किंवा अंडकोशातील फुगलेल्या शिरा असा इतिहास असणाऱ्याने पत्नीसोबत पहिल्याच भेटीला जावे. एक शुक्राणू तयार होण्यास सुमारे सत्तर ते पंच्याहत्तर दिवस लागत असल्याने सवय सोडल्यानंतरची किंवा उष्णतेचे काम थांबल्यानंतरची फेरतपासणी तीन महिन्यांनी करणेच योग्य असते. नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस संयम पाळावा लागतो आणि नमुना घरी घेतल्यास तो तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. एसटीच्या आणि रिक्षाच्या भरवशावर हा तास पाळणे कठीण असल्याने तो प्रयोगशाळेतच देणे श्रेयस्कर.

तज्ज्ञाकडे जाणे म्हणजे पहिल्याच दिवशी मुंबई गाठणे नव्हे. प्राथमिक चौकशी, रक्तातील थायरॉइड व साखरेची तपासणी, सोनोग्राफी आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या यांसाठी जवळचे आरोग्य केंद्र, चौकचे ग्रामीण रुग्णालय, कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय किंवा खोपोली-पनवेलमधील स्त्रीरोगतज्ज्ञ येथून सुरुवात करता येते. दोन्ही नळ्या बंद असणे, वीर्यात शुक्राणू नसणे किंवा अत्यल्प असणे, बीजांचा साठा दर्शवणाऱ्या एएमएच चाचणीचे प्रमाण वयाच्या मानाने फार कमी येणे, किंवा बीज वाढवणाऱ्या गोळ्यांची तीन ते सहा आवर्तने घेऊनही दिवस न राहणे, या टप्प्यांवर स्त्रीरोगतज्ज्ञाने स्वतःहून वंध्यत्वतज्ज्ञाकडे पाठवणे अपेक्षित असते. सोनोग्राफीने बीजाची वाढ न पाहता आणि पतीची तपासणी न करता वर्षभर तीच गोळी चालू राहणे हे उपचार नव्हेत. 'पिशवी धुणे' या नावाने ओळखली जाणारी क्युरेटिंगची क्रियाही पुन्हा पुन्हा, केवळ दिवस राहावेत म्हणून, केली जात असेल, तर गर्भाशयाच्या भिंती आतून चिकटण्याचा धोका असतो, आणि मग मूळ अडचणीत एक नवी अडचण भर घालते.

पुढच्या टप्प्यासाठी या भागातून फार दूर जावे लागत नाही. 6 ऑगस्ट 1986 रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, आणि कर्जतहून दादरला थेट लोकल मिळते. तत्पूर्वी 3 ऑक्टोबर 1978 रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे साध्य केले होते. त्यांना हयातीत मान्यता मिळाली नाही, आणि पुढे स्वतः आनंद कुमार यांनीच त्यांच्या नोंदी तपासून देशातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा मान मुखोपाध्याय यांचा असल्याचे मांडले. टेस्ट ट्यूबची, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्याची, ही पद्धत मुळात बंद नळ्यांवरचा उपाय म्हणून विकसित झाली, हे ध्यानात ठेवल्यास ती प्रत्येक जोडप्यासाठी का नसते, हेही स्पष्ट होते.

अशा उपचारांचे केंद्र निवडताना जनुकीय किंवा इतर चाचण्यांच्या जाहिरातींपेक्षा केंद्राची नोंदणी पाहणे महत्त्वाचे. 2021 च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने अशा केंद्रांची नोंदणी सक्तीची केली असून केवळ वीर्य गर्भाशयात सोडण्याची सोय असलेली आणि शरीराबाहेर गर्भ तयार करणारी, अशा दोन पातळ्या ठरवल्या आहेत. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय 21 ते 50 आणि पुरुषाचे 21 ते 55 असावे, अशीही त्यात अट आहे. मुलगाच मिळवून देण्याचे आश्वासन देणारे केंद्र कायदा मोडत आहे, एवढे त्या आश्वासनावरूनच कळते. पहिल्या भेटीला पती-पत्नी दोघांनी जावे, पाळीच्या मागील सहा महिन्यांच्या तारखा लिहून न्याव्यात आणि आधीचे सर्व अहवाल, जुन्या गोळ्यांच्या चिठ्ठ्यांसह, सोबत ठेवावेत. तपासण्या नव्याने कराव्या लागल्या नाहीत, तर दोन-तीन महिने आणि बराच पैसा वाचतो. वीर्यतपासणीच्या अहवालातील आकड्यांचा अर्थ कसा लावावा, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.