आंत्ररोध
आतड्यातील द्रव्ये पुढे सरकण्यास अडथळा येण्याच्या विकृतीस ‘आंत्ररोध’ म्हणतात. पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्याभोवती निर्माण झालेले बंध, अंतर्गळ, कर्करोग व आतड्यास पडलेला पीळ ही त्याची प्रमुख कारणे असून भारतात आतड्याचा क्षयरोग हेही महत्त्वाचे कारण आहे. कळा येऊन पोट दुखणे, उलट्या, पोट फुगणे आणि मल व वायू न सरणे ही मुख्य लक्षणे होत. अडथळा लघ्वांत्राच्या वरच्या भागात असल्यास उलट्या लवकर सुरू होतात. बृहदांत्रात असल्यास पोट आधी फुगते. क्ष-किरण चित्रात ३ सेंमी.पेक्षा अधिक रुंदावलेले लघ्वांत्र दिसते, सी. टी. चित्रणाने अडथळ्याची जागा व बहुधा कारणही कळते.

आतड्याचा रक्तपुरवठा शाबूत आहे की नाही, यावर उपचार ठरतात. शाबूत असल्यास तोंडाने अन्नपाणी बंद करून, नाकातून जठरात घातलेल्या नळीने द्रव काढतात व शिरेतून लवणद्राव देतात. बंधांमुळे झालेला रोध पुष्कळदा एवढ्याने सुटतो; सु. ७२ तासांत न सुटल्यास सामान्यतः शस्त्रक्रिया करतात. वेदना सतत होणे, ताप, जलद नाडी व पोट ताठरणे ही रक्तपुरवठा खंडित झाल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते. विलंबाने कोथ होऊन आतडे फुटते. म्हणूनच साधे बद्धकोष्ठ समजून रेचक देणे घातक ठरते.