बुरशीला भूक किती?

इडलीचं पीठ आंबलं की नाही, हे आई झाकण उघडून नुसत्या वासावरून सांगते. पण हजारो लिटरच्या बंद टाकीचं काय? पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिनसाठी, आणि पेनिसिलिन अशाच टाकीत, बुरशीकडून बनवून घेतात. तिला साखर कमी पडली तर ती उपाशी. जास्त झाली तर नुसती अंगाने वाढते आणि औषध बनवायचा कंटाळा करते (हॉस्टेलवाल्यांना हे पटेल!). म्हणून साखर बेताबेताने सोडायची.

आम्लता आणि ऑक्सिजन मोजणारे प्रोब टाकीतच असतात. साखरेसाठी मात्र अनेकदा नमुना काढून लॅबमध्ये न्यावा लागतो, आणि रिपोर्ट येईपर्यंत आतलं चित्र बदललेलं असतं.

इथे ग्राफिन, कार्बन नॅनोट्यूब, सोन्याचे नॅनोकण कामाला येतात. आकार अतिसूक्ष्म, पण त्या मानाने पृष्ठभाग प्रचंड. त्यामुळे साखर जराशी बदलली तरी विजेचा सिग्नल बदलतो. मग अडलंय कुठे? टाकी आधी वाफेने साधारण १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करतात आणि सेन्सरवरचं साखर ओळखणारं एन्झाइम त्यात निकामी होतं. एन्झाइम नको म्हणून निकेल किंवा तांब्याच्या ऑक्साइडचे नॅनोकण वापरावेत, तर त्यांना अल्कधर्मी द्रावण लागतं. बुरशीला ते सोसत नाही. शिवाय त्या दाट, फेसाळ द्रवात प्रोबवर प्रथिनांचा आणि पेशींचा थर साचतो. आकडे हळूहळू भरकटतात, आणि बॅच तर अजून कित्येक दिवस चालायची असते.