न्हाणीघरातील भूप

आमच्या माधवनगरात पहाट होते ती महाकाळाच्या भस्मारतीने नव्हे, तर रेल्वेच्या भोंग्याने. महाकाळ, क्षिप्रा, गोपाळ मंदिर हे सारे वैभव रुळांच्या पलीकडे, जुन्या उज्जयिनीत. अलीकडचे आमचे फ्रीगंज आणि माधवनगर त्या मानाने कालचे पोर. स्थानकात शिरणारी गाडी भोंगा देते आणि आमची अडीच वर्षांची कन्या, डोळे न उघडताच, त्या भोंग्याचा सूर अंथरुणात पडल्या पडल्या लावते. गाडी थांबली तरी हिचा सूर थोडा वेळ चालूच असतो. मग ती उठून बसते आणि घराचा दिवस सुरू होतो.

या भोंग्याच्या सुराचे मला आज कौतुक वाटते. वर्षभरापूर्वी मात्र तो ऐकून माझ्या पोटात गोळा येत असे. कारण त्या वेळी तिच्या तोंडून सूर निघत, शब्द निघत नसत.

आमचे घर चार पिढ्यांपासून उज्जैनचे. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी येथे ठाणे केले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाळाचे मंदिर नव्याने उभारले, आणि त्या काळापासून मराठी कुटुंबे या ना त्या निमित्ताने माळव्यात येऊन स्थिरावली. त्यामुळे आमच्या मराठीला माळव्याच्या मातीचा वास आहे. आम्ही ‘जाऊन राहिलो’, ‘करून राहिलो’ असे सहज बोलतो आणि पुण्याचे पाहुणे ते ऐकून गालातल्या गालात हसतात. असो. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी आणि दूधवाल्याशी माळवी, अशा तीन भाषांत आमची मुले वाढतात आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. मूल वेळेवर बोलू लागले, तोवर.

माझे माहेर ग्वाल्हेरचे. ज्या माधवराव शिंद्यांचे नाव उज्जैनच्या माधव कॉलेजला आहे, त्यांच्याच आश्रयाने पंडित भातखंडे यांनी १९१८ साली ग्वाल्हेरला संगीत विद्यालय काढले. ज्या गावात असे विद्यालय आणि एवढी थोर ख्यालपरंपरा, तिथल्या मराठी घरातील मुलीने गाणे शिकावे यात नवल ते काय! मीही दहा वर्षे शिकले. सासरी येताना मिरजेचा तंबोरा बरोबर आणला. आमच्या घरी तो आला तेव्हा मामंजींनी त्याला हळदकुंकू वाहिले होते आणि ‘हे’ तबल्याची जोडी झाडूनपुसून माझ्यासमोर येऊन बसले होते.

पुढे कन्या झाली आणि तंबोऱ्याला गवसणी चढली ती चढलीच. लहान मुलाची आई असलेल्या कुणाही भगिनीला हे समजावून सांगावयास नको. रियाजाला लागतो तो सलग तास, आणि बाळाच्या आईकडे वेळ असतो तो तुकड्या-तुकड्यांचा. दूध उतू जाण्याआधीची तीन मिनिटे, कुकरच्या दोन शिट्ट्यांमधील अवकाश, दुपारी मूल निजल्यावर आपलाही डोळा लागेपर्यंतची पाव घटका. अशा तुकड्यांत षड्जसुद्धा नीट लागत नाही, अशी माझी त्या वेळी समजूत होती.

एके दिवशी दीड वर्षाच्या कन्येने कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची दांडी धरून उभे राहण्याचा प्रयत्न केला. ती बाजूला बसकण मारून वाचली. तंबोरा फरशीवर आडवा झाला आणि भोपळ्याला वीतभर चीर गेली. मूल सुखरूप आहे हे पाहून सर्वांनी देवाचे आभार मानले. मीही मानले. रात्री मात्र मी फार वेळ रडले आणि ते केवळ भोपळ्यासाठी नव्हते.

भोपळ्याची दुरुस्ती म्हणजे सुताराचे काम नव्हे. तंबोऱ्याचे हे भोपळे पंढरपूरकडच्या शेतांत मुद्दाम पिकवितात. वाळवून, पोखरून ते मिरजेच्या कारागिरांकडे येतात. दीडशेहून अधिक वर्षांची ही मिरजेची विद्या. २०२४ साली तेथील सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा आमचा जखमी तंबोरा पेटीत घालून मिरजेला रवाना झाला. “भोपळा सांधेल, पण घाई करू नका. चीर बसली की जवारी पुन्हा काढावी लागेल,” असे कारागिराने कळविले. घरातला कोपरा रिकामा झाला.

त्याच सुमारास दुसरी काळजी वाढत चालली होती. शेजारचे तिच्याच वयाचे मूल ‘पानी दो’ म्हणू लागले होते आणि आमची कन्या बोट दाखवून ‘ऊं’ करी. दोन वर्षांची झाली तरी सारे मिळून आठ-दहा शब्द. प्रत्येकाकडे एक कारण होते आणि एक उपाय होता. परिचयातील एका जाणत्या गृहस्थांनी निर्वाणीचे सांगितले, “मुलीचा गोंधळ होतो आहे. घरात मराठी बंद करा. पुढे शाळेत हिंदीच लागणार आहे.” ते बोलणे माझ्या जिव्हारी लागले. चार पिढ्यांनी जपलेली भाषा एका मुलीच्या भल्यासाठी सोडून द्यावयाची असेल तर तीही सोडू, असेही एका रात्री मनात येऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी तिच्याशी नेटाने हिंदीत बोलू लागले. सकाळ कशीबशी गेली. न्हाऊ घालताना मात्र पंचाईत झाली. अंगाला तेल लावताना, डोक्यावर पाणी घालताना तोंडातून जे आपोआप निघते ते माझ्याजवळ हिंदीत नव्हतेच.

शेवटी आम्ही इंदूरला जाऊन तिचे कान तपासून घेतले. हे आधीच करावयास हवे होते, असे आज मी प्रत्येक आईला सांगेन. मूल दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडीत नसेल, तर तर्क लढविण्यापूर्वी श्रवणाची तपासणी करावी. मूल निजलेले असताना यंत्राने ती करता येते आणि त्यात इजा काही नाही. हिचे कान उत्तम निघाले. तेथील वाचातज्ज्ञ बाईंनी मराठी सोडण्याची गोष्ट ऐकून मान हलविली. दोन भाषांमुळे मूल मुके राहते या समजुतीला आधार नाही. अशा मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांचे मिळून मोजावयाचे असतात. आणि आईने त्याच भाषेत बोलावे, जी तिला मनापासून येते. “घरात गाणे आहे का?” असे त्यांनी विचारले. मी म्हटले, “होते.”

घरी आल्यावर सासूबाईंना मी हा शब्द सांगितला. त्या रागावल्या. “होते म्हणजे? मी काय करते मग रोज?”

आणि खरोखर, त्या रोज गात होत्याच! नातीला पायांवर आडवी घेऊन तेल चोळताना त्यांच्या ओठांवर ओव्या असत. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या. जाते घरातून केव्हाच गेले. ओवी मात्र हातांच्या फेऱ्यात टिकून राहिली. बायकांच्या ओवीची घडणच अशी, की शेवटचा चरण आखूड राहतो. त्या आखूड चरणाशी सासूबाईंचा हात नातीच्या टाचेपर्यंत पोहोचलेला असे आणि तेथे त्या टाचेला हलकेच चिमटा घेत. सहा महिन्यांत पोर शिकली होती की चिमटा केव्हा येतो. तो येण्याच्या क्षणभर आधीच ती हसू लागे. गाण्यात ज्याला ‘सम कळणे’ म्हणतात, ते याहून वेगळे काय असते? ग्वाल्हेरला दहा वर्षे शिकलेल्या मला ते दिसले नव्हते, कारण समोर तंबोरा नव्हता!

साने गुरुजींनी अशा ओव्या ‘स्त्रीजीवन’मध्ये गोळा केल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या. एक लाख! आणि त्या गाणाऱ्या बहुतेक बायांनी स्वतःला गाणारी असे कधी म्हटले नसेल.

कॅनडातील एका विद्यापीठाचा एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. सात महिन्यांच्या बाळांना एकच ठेका ऐकविला. कुठेही जोर नसलेला. काहींना तो ऐकताना दर दुसऱ्या मात्रेला झुलविले, काहींना दर तिसऱ्या. नंतर दोन्ही तऱ्हेचे ठेके ऐकविले, तेव्हा प्रत्येक बाळ आपल्याला ज्या चालीने झुलविले होते त्या ठेक्याकडे अधिक वेळ कान देऊन राहिले. दुसऱ्याला झुलताना नुसते पाहून मात्र हे साधले नाही. ‘ह्यां’नी हे वाचून दाखविले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “हे पाहायला कॅनडाला जायला हवे होते होय?” मला मात्र त्यातील शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटली. मोबाइलवर बालगीते लावून मुलाला समोर बसविणे आणि मांडीवर घेऊन झुलविणे यांतला फरक मला कुणी इतका स्पष्ट करून सांगितला नव्हता.

तेव्हापासून मी न्हाणीघरात गाऊ लागले. रियाज म्हणून नव्हे. भूपाची नुसती सरगम, पाचच सूर. मध्यम नाही, निषाद नाही, चुकावयास जागा कमी. पाण्याचा तांब्या वर गेला की आरोह, डोक्यावर ओतला की अवरोह. आठवड्याभरात ती माझ्याबरोबर वर जाऊ लागली आणि खाली येऊ लागली. सूर नेमके लागत नव्हते, चढ-उतार मात्र तंतोतंत. लहान मुले सुरावटीचा आकार आधी धरतात, सुरांमधील नेमके अंतर मागाहून, असे म्हणतात; मी ते साबणाच्या फेसात पाहिले.

पितृपक्ष आला. आमच्या गल्लीत माळवी मुलींनी भिंतीवर शेणाची संजा मांडली, तिला फुले लावली आणि संध्याकाळी गाणी सुरू झाली. कन्या रोज शेजारच्या ताईच्या कडेवर बसून तेथे हजर. सोळा दिवसांनी किलाकोट होऊन संजा बोळविली न बोळविली तोच नवरात्र लागले आणि आमच्या अंगणात पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरला गेला. माळव्यातील मराठी मुलीचे हे भाग्य मुंबई-पुण्याच्या मुलीला नाही. ती पंचवीस दिवस सलग गाते. ‘ऐलमा पैलमा’च्या फेरात आमची कन्या संजाची चाल गुणगुणत होती आणि दोन्हींचा ठेका इतका जवळचा की कुणाचे बिघडले नाही.

माळव्यातील बायकांच्या या गाण्यांकडे अवघ्या देशाचे लक्ष वेधले ते एका आजारी गवयाने. येथून चाळीसेक किलोमीटरवर देवास आहे. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने ग्रस्त होऊन तेथे आले. गाण्यास मनाई, पडून राहावयाचे आणि ऐकावयाचे. जी गाणी त्यांच्या कानांवर पडत ती सणावाराची, लग्नाची, पावसाची, बहुतांशी बायकांची. चार-पाच सुरांत फिरणाऱ्या त्या धुनांत त्यांना रागांची बीजे दिसली आणि त्यांतून मालवती, लगनगांधार, सहेली तोडी असे ‘धुनउगम’ राग जन्मले. हे सर्वांस ठाऊक आहे. मी त्या घराकडे पाहते ती भानुमतीबाईंसाठी. देवधर मास्तरांच्या मुंबईच्या विद्यालयात शिकलेल्या त्या गायिका. १९४७ साली विवाह झाला आणि लगोलग वाट्याला आले ते पतीचे आजारपण, परका गाव आणि संसार चालविण्यासाठी शाळेतील नोकरी. १९५६ साली मुकुलचा जन्म; १९६१ साली दुसऱ्या बाळंतपणात त्या गेल्या. मुकुल शिवपुत्र यांचे गाणे आज जगाला ठाऊक आहे. भानुमतीबाईंचे गाणे किती जणांनी ऐकले? देवासच्या माताजीच्या टेकडीखालील त्या घराचे नाव ‘भानुकुल’ आहे. त्या फाटकापाशी मी एकदा कन्येला कडेवर घेऊन उभी राहिले होते. मनात आले, पाच वर्षांच्या त्या मुलाने आईकडून जे ऐकले असेल, त्याची नोंद कोणत्या ध्वनिमुद्रिकेवर असणार?

गाण्याने मूल बोलू लागते, असा दावा मी करणार नाही. हिचे शब्द हळूहळू वाढले. कदाचित वेळ आली म्हणून वाढले असतील. पहिले आले ते भोंडल्यातले, मग आरतीचे शेवटचे शब्द, मग ‘पाणी’ आणि ‘पानी’ दोन्ही. माणूस पाहून त्यातला एक. मामंजी भिंतीवरच्या कालनिर्णयावर तिचे नवे शब्द टिपून ठेवीत. दिवाळीपर्यंत साठ झाले.

तंबोरा परत आला तो पौषात. पेटी उघडली तेव्हा भोपळ्यावरची चीर बोटाला लागत होती, डोळ्यांना दिसत नव्हती. ‘ह्यां’नी खुंट्या पिळून दिल्या. मी पंचम लावला, जोड मिळविला आणि खर्जाची तार छेडली, तशी कन्या भिंतीशी दबकून उभी राहिली. मग एकेक पाऊल पुढे येत तिने भोपळ्याला कान लावला आणि तशीच राहिली. मी भूप धरला, न्हाणीघरातलाच, पण या वेळी आकारात, सावकाश. गांधारावर ती माझ्याकडे पाहून हसली. मी थांबले.

तिने माझ्या हाताचे बोट धरून तारेवर ठेवले आणि म्हणाली, “आई, फिरसे म्हण.”

सासूबाई पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. तिची भाषा कुणी सुधारली नाही. मामंजी मात्र पेन्सिल शोधावयास उठले.