लेटरहेड कोरलमधून वर्डमध्ये

देवगडच्या आंबा बागायतदाराचं लेटरहेड बहुधा छापखान्यात कोरलड्रॉमध्ये तयार झालेलं असतं. वर्ड कोरलड्रॉची सीडीआर फाइल उघडत नाही, त्यामुळे साध्या दरपत्रकासाठीही छापखाना गाठावा लागतो. हे टाळता येतं.

लिब्रेऑफिस ड्रॉ हा मोफत प्रोग्राम बऱ्याच सीडीआर फाइली उघडतो. तिथून बोधचिन्ह आणि किनार एसव्हीजी स्वरूपात काढून घ्या. त्यात चित्र रेषा-वक्रांच्या मापांनी साठवलेलं असतं, म्हणून मोठं केलं तरी कडा धूसर होत नाहीत. वर्ड जुनं असेल तर ईएमएफ वापरा.

खरी गोम मराठी मजकुरात आहे. जुनी कामं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘हापूस’च्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. म्हणून बागेचं सजवलेलं नाव छापखान्यातूनच ‘कन्व्हर्ट टु कर्व्ह्ज’ करून, म्हणजे अक्षरांचं रेषाचित्र बनवून, आणा. पत्ता आणि फोन मात्र युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा, म्हणजे पुढे बदलता येतील.

आता वर्डमध्ये ए-4 पानाच्या हेडरमध्ये चित्र बसवा. खाली तारीख, ग्राहकाचं नाव, डझन, दर यांच्या जागा ठेवा आणि ‘वर्ड टेम्प्लेट’ म्हणून सेव्ह करा. या फाइलवर डबल क्लिक केलं की नवी प्रत उघडते, साचा शाबूत राहतो.

कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; त्यासाठी तुम्ही नोंदणी केली असेल तर नोंदणी क्रमांकही साच्यातच घाला. आणि छापखान्याकडून मूळ फाइल हंगामाआधीच मागून ठेवा.