बॉलस्क्रूच्या टोकाला कोणते बेअरिंग?

घरचे जुने हाती मिलिंग मशीन सीएनसी करायला घेतलेल्या सभासदांसाठी हा अनुभव लिहीत आहोत.

अलकापुरीतल्या आमच्या गॅरेजमधल्या मशीनला १६०५ बॉलस्क्रू आहेत, म्हणजे १६ मिलिमीटर व्यास आणि एका फेऱ्याला ५ मिलिमीटर सरक. गोल कापला की चार जागी पायरी उमटायची. आम्ही नटाला दोष देऊन नवा नट मागवायच्या बेतात होतो. त्याआधी एक साधी परीक्षा केली. मोटरला वीज देऊन स्क्रू अडवला, त्याच्या मोकळ्या टोकाच्या सेंटरच्या खड्ड्यात ग्रीसने छोटी पोलादी गोळी बसवली, तिच्यावर डायल टेकवला आणि टेबल मागेपुढे रेटले. काटा हलला! म्हणजे अख्खा स्क्रूच सरकत होता. नट बिचारा निर्दोष.

मोटरकडचा आधार बीके१२, पलीकडचा बीएफ१२. स्क्रूच्या लांबीच्या दिशेने येणारा सगळा रेटा बीकेने घ्यायचा. त्यासाठी आत ७००१ या अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची तोंडाला तोंड लावलेली जोडी हवी. आमच्या स्वस्त आधारात निघाली साधी ६००१. दोघांचे माप एकच, १२, २८ आणि ८ मिलिमीटर. त्यामुळे बाहेरून पत्ता लागत नाही. माणेजाला बेअरिंगचा मोठा कारखाना असलेल्या गावात राहून आम्ही आत काय आहे ते पाहिले नव्हते. साध्या बेअरिंगमध्ये मुद्दाम थोडी मोकळीक ठेवलेली असते आणि लांबीच्या दिशेने ती कित्येक पट जाणवते.

माप एकच असल्याने बदलणे मात्र सोपे. दुकानात जुळवून घासलेली जोडी मागा; कोणतीही दोन सुटी ७००१ आणली तर आवळल्यावर ढिली राहतील किंवा जाम होतील. कोनही विचारा. १५ अंशांपेक्षा ३० किंवा ४० अंशांचे बेअरिंग हा रेटा चांगला पेलते. अक्षरांवर विसंबू नका, ती कंपनीगणिक बदलतात. बसवताना पुढची झाकणी आणि घर यांच्यात बारीक फट उरली पाहिजे. झाकणी घराला टेकली तर बाहेरच्या कड्यांवर दाब येतच नाही.

बीएफमध्ये साधे ६००० पुरते. ते घरात सरकते राहू द्या. अर्धा मीटर स्क्रू बेडपेक्षा १० अंश जास्त तापला तर सुमारे ०.०६ मिलिमीटर लांबतो. दोन्ही टोके जखडली तर तो वाकणार. जोडी बदलून आम्ही गोळी पुन्हा बसवली, टेबल रेटले. काटा जागचा हलला नाही.