चेहरा फुगलाय म्हणजे कॉर्टिसॉल वाढलंय का? सकाळची एक रक्ततपासणी हे का सांगू शकत नाही

'कॉर्टिसॉल फेस'ची रील्स तुमच्याही फीडमध्ये आली असतील. चेहरा फुगलेला दिसला की ताणामुळे हार्मोन वाढलं असं समजायचं आणि लॅबमध्ये जाऊन सकाळचं कॉर्टिसॉल तपासायचं. या शंकेसाठी ते पैसे बहुतेकदा वाया जातात.

कॉर्टिसॉल तयार होतं मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत. ते सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. ते खरोखर जास्त असण्याच्या आजाराला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. त्यात सकाळचा आकडा नॉर्मलही येऊ शकतो. बिघाड असा की रात्री ते उतरत नाही.

म्हणून तपासण्याही तशाच आहेत. रात्री 11 ते 12 च्या दरम्यान डेक्सामेथासोनची 1 मिलिग्रॅम गोळी घ्यायची, सकाळी 8-9 वाजता रक्त द्यायचं. निरोगी शरीर या गोळीला फसतं आणि स्वतःचं उत्पादन थांबवतं. कॉर्टिसॉल 1.8 मायक्रोग्रॅमच्या वर राहिलं तर संशय वाढतो. दुसरी तपासणी 24 तासांच्या लघवीची, तिसरी मध्यरात्रीच्या लाळेची. यांपैकी किमान दोन बिघडलेल्या हव्यात. एकीवर निदान होत नाही.

यातही फसगत होते. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन डेक्सामेथासोन लवकर संपवतं, गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तातला आकडा फुगतो. अहिल्यानगर जिल्ह्यात गळीत हंगामात साखर कारखान्यांवर रात्रपाळी चालते. अशा कामगाराचं शरीराचं घड्याळच उलटं असतं, त्यामुळे त्याची मध्यरात्रीची लाळ भरवशाची नाही.

निदान पक्कं झालं की एसीटीएच तपासतात. ते कमी असेल तर दोष अ‍ॅड्रिनलमध्ये, नाहीतर बहुधा मेंदूतल्या पिट्युटरीत. स्कॅन त्यानंतरच, आधी नाही.

आजार दुर्मीळ आहे. युरोपातल्या अभ्यासांत दहा लाख लोकांमागे वर्षाला 2-3 नवे रुग्ण आढळतात. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या 45 लाखांवर होती. तोच हिशोब लावला तर वर्षाला दहा-बारा जण.

औषधांमुळे होणारा कुशिंग मात्र कितीतरी जास्त दिसतो. गोरेपणासाठी किंवा गजकर्णावर महिनोन्महिने लावलेलं स्टेरॉइड क्रीम, दम्याच्या वा सांधेदुखीच्या गोळ्या, लेबल नसलेल्या पुड्या. म्हणून कोणत्याही तपासणीआधी डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच हवा: काय घेताय? गंमत म्हणजे अशा रुग्णाचा चेहरा गोल असतो, पण रक्तातलं कॉर्टिसॉल बऱ्याचदा कमी येतं. बाहेरून माल मिळाल्यावर ग्रंथी झोपी गेलेली असते. स्टेरॉइड एकदम बंद केलं तर ती लगेच जागी होत नाही. रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. बंद करायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यानुसार, हळूहळू.

तपासणी कुणी करावी? पोटावर सेंटिमीटरभर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं, बसल्यावर उठताना मांड्यांत ताकद नाही, तरुण वयात बीपी किंवा साखर, मुलाचं वजन वाढतंय पण उंची थांबलीय. अशी लक्षणं एकत्र असतील तर आधी फिजिशियनकडे जा. पुढच्या तपासासाठी मुंबईत परळच्या केईएमसारख्या रुग्णालयांत एंडोक्रायनॉलॉजीचे विभाग आहेत. जाताना क्रीमच्या ट्यूब, गोळ्यांची पाकिटं आणि त्या पुड्याही पिशवीत घाला.